सातपुड्यातला निवांत मुक्काम : इंदूरहून पहिल्यांदा रिट्रीटला जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा मी अशा मुक्कामाला गेले ती शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयातून थेट इंदूर स्थानकावर, आणि परतले ती सोमवारी सकाळी स्थानकावरून थेट कार्यालयात. मधल्या दोन दिवसांत डोके असे ठणकत होते की सालाच्या झाडाखाली बसवून शिकवलेल्या प्राणायामातले मला आज काहीही आठवत नाही. दीड वर्षाने मी पुन्हा गेले, या वेळी नऊ दिवसांसाठी, आणि घरी आल्यावर प्रथमच असे वाटले की पैसे आणि रजा दोन्ही सत्कारणी लागले. दोन्ही फेऱ्यांत डोंगर तोच होता आणि दिनचर्याही जवळपास तीच होती. फरक पडला तो निघण्यापूर्वीच्या तयारीत आणि दोन्ही टोकांना राखून ठेवलेल्या मोकळ्या दिवसांत.

तेव्हापासून लोकमान्यनगर, सुदामानगर, रामबाग अशा भागांतल्या ओळखीच्या मंडळींचे फोन येत असतात. प्रश्न बहुधा सारखेच असल्यामुळे सगळे एकदा क्रमाने लिहून काढत आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘रिट्रीट’ म्हटले की कोणी त्याला शिबिर समजते, तर कोणी सहल. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पूर्ण मौन असते, फोन जमा करावा लागतो आणि शुल्क घेतले जात नाही. शिबिर पूर्ण केलेल्याने स्वेच्छेने दान द्यायचे असते. सहलीत दिवसाला पाच ठिकाणे पाहायची असतात. ज्या मुक्कामाविषयी मी लिहीत आहे तो या दोन्हींपेक्षा वेगळा असतो. एकाच जागी आठ-दहा दिवस राहायचे, ठरावीक वेळी साधे जेवायचे, सकाळी योगासने आणि चालणे, दुपारी एखादा उपचार, आणि उरलेला वेळ जाणीवपूर्वक रिकामा ठेवायचा. संथ प्रवासाची ही कल्पना परदेशातून आली असे अनेकांना वाटते. आपल्या दाराशी मात्र नर्मदेची परिक्रमा आहे. नदी उजव्या हाताला ठेवून पायी निघालेला परिक्रमावासी चातुर्मास आला की एका गावात थांबतो आणि पुढे जाण्याची घाई करत नाही. परंपरेने त्या परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितलेले आहेत.

१. कशासाठी जायचे ते आधी ठरवा

जागांची छायाचित्रे पाहण्यापूर्वी हे ठरवणे आवश्यक आहे, कारण जाहिरातींत सगळ्या जागा सारख्याच हिरव्या दिसतात. ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार निसर्गोपचार केंद्रांचा. तिथे आहारावर नियंत्रण, मातीची पट्टी, कटिस्नान, वाफ, मालिश असे उपचार असतात आणि दिनक्रम कडक असतो. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम मराठी वाचकांना माहीत असतो, त्यामुळे या पद्धतीची कल्पना देण्यासाठी तेच उदाहरण सोपे पडते. दुसरा प्रकार आयुर्वेदाच्या पंचकर्माचा. तिसऱ्या प्रकारात उपचार जवळपास नसतातच; जंगलाच्या कडेला राहणे, योग, पायी फिरणे आणि चांगली झोप एवढेच असते. ज्यांना कोणताही विशेष आजार नाही आणि ज्यांना केवळ थकवा उतरवायचा आहे, त्यांनी माझ्या मते तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात करावी.

इथला पहिला सापळा म्हणजे ‘तीन दिवसांत पंचकर्म’. वमन (उलटी करवणे), विरेचन (जुलाब देणे), बस्ती (एनिमा), नस्य (नाकातून औषध) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणे) ही पाच कर्मे. ती करण्यापूर्वी स्नेहन (तेल-तुपाचे उपचार) आणि स्वेदन (घाम काढणे) करून शरीर तयार करावे लागते, आणि वमन-विरेचनानंतर पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर येण्याचा संसर्जन क्रम पाळावा लागतो. एवढे सगळे तीन दिवसांत मावत नाही. त्या नावाखाली तुम्हाला मिळेल ते तेलाचे मालिश आणि वाफ. त्यात वाईट काही नाही, परंतु तेवढ्याचीच किंमत द्यावी. ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढतो’ असे कोणी सांगितले तर कोणते द्रव्य, हे विचारावे. यकृत आणि मूत्रपिंडे ते काम आपल्या परीने रोज करतच असतात.

२. जागा आणि महिना यांचा एकत्र विचार करा

इंदूरच्या माणसाला जवळची म्हणून महेश्वर, मांडू आणि ओंकारेश्वर ही ठिकाणे सुचतात. तिन्ही ठिकाणे शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जवळ आहेत, आणि नेमके हेच त्यांचे वैगुण्य आहे. महेश्वरच्या घाटावर चार दिवस राहण्याचा प्रयत्न मी एकदा केला होता. दुसऱ्याच दिवशी नणंद आणि तिच्या घरचे सहा जण ‘तू इथेच आहेस म्हणून’ जेवायला आले. अंतर एवढे असावे की कोणी सहज येऊ शकणार नाही.

त्या दृष्टीने सातपुडा सोयीचा आहे. पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीवर आहे आणि जवळचा धूपगड, सुमारे १,३५० मीटर उंचीचा, हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर आहे. इथले जंगल विशेष आहे, कारण साग आणि साल ही दोन्ही झाडे या भागात एकमेकांना भेटतात. १९९९ मध्ये या परिसराला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आले. पायथ्याला मढईच्या बाजूला देनवा नदीचे संथ पाणी आणि गवताळ किनारे आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुर करतात त्यांनी वरच्या चढ-उतारांपेक्षा मढईची सपाट बाजू निवडावी. सोहागपूर स्थानकापासून ती जवळही पडते.

महिना निवडताना पंचांग आणि वनखात्याचे वेळापत्रक दोन्ही समोर ठेवावे. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. पावसात पचमढी अतिशय सुंदर दिसते, परंतु पाऊस एवढा असतो की कपडे वाळत नाहीत, वाटा निसरड्या होतात आणि चालणे, जे या मुक्कामाचे अर्धे औषध आहे, तेच बंद पडते. शिवाय नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा भरते. विदर्भातून आपलीच मराठी माणसे हजारोंनी येतात, आणि श्रद्धेने खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढणारी गर्दी महाशिवरात्रीला असते. यात्रा पाहायची असेल तर जरूर जावे. निवांतपणासाठी मात्र हे दोन्ही काळ टाळावेत. नाताळ ते नववर्ष हा आठवडाही त्याच यादीत घाला.

मला सर्वांत भावला तो कोजागरीनंतरचा काळ. आकाश धुतलेले असते आणि थंडी अजून बोचत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक आकडी होतो, तेव्हा खोलीत पाणी गरम करण्याची काय सोय आहे हे विचारूनच जावे. फेब्रुवारीचा उत्तरार्धही चांगला, फक्त महाशिवरात्रीची तारीख पाहून घ्यावी. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागतात आणि त्यांच्या वासाने अस्वले येतात. त्या दिवसांत पहाटे एकट्याने चालायला निघणे धोक्याचे आहे, मग तुमचा इंदूरचा पाचच्या फेरीचा नेम कितीही वर्षांचा असो.

३. पैसे भरण्यापूर्वी फोन करा

संकेतस्थळावरची माहिती वाचून आगाऊ रक्कम भरू नका. फोन करून प्रत्यक्ष बोला आणि उत्तरे नंतर लिखित संदेशाने मागवून घ्या. माझ्या वहीतले प्रश्न असे आहेत :

- उपचार कोण ठरवतो? आयुर्वेदासाठी बीएएमएस आणि निसर्गोपचारासाठी बीएनवायएस ही पदवी असलेले डॉक्टर तिथे राहतात की आठवड्यातून एकदा येतात?
- दर माणशी आहे की खोलीमागे? एकट्या व्यक्तीसाठी वेगळा दर आहे का?
- दरात कोणते उपचार धरलेले आहेत आणि कोणते वेगळे आकारले जातात?
- तारीख बदलली किंवा मध्येच परतावे लागले तर किती रक्कम परत मिळेल?
- रात्री तब्येत बिघडली तर सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, आणि वाहन आवारातच असते का?
- त्या तारखांना आवारात लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, म्हणून त्यामागची हकीकत सांगते. माझ्या पहिल्या फेरीत ज्या जागी मी उतरले होते तिथल्याच हिरवळीवर शनिवारी संगीताचा कार्यक्रम होता. तुळशीचे लग्न नुकतेच उरकले होते आणि लग्नसराई सुरू झाली होती. योगवर्गाच्या मंडपाला लागूनच ध्वनिक्षेपक लावलेला, आणि रात्री एक वाजेपर्यंत वऱ्हाड नाचत होते. व्यवस्थापकांकडे तक्रार केली तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने मला वरातीसाठी केलेली रबडी पाठवून दिली. जंगलातल्या अनेक जागांचे उत्पन्न लग्नांवर चालते हे लक्षात ठेवा आणि शक्यतो सोमवार ते सोमवार असा मुक्काम घ्या.

आणखी एक, भिशीच्या किंवा बिल्डिंगच्या मंडळींसोबत पहिली फेरी करू नका. दहा मैत्रिणी एकत्र गेल्या की मौनाच्या तासातसुद्धा खुणांनी पत्त्यांचा डाव रंगतो. नवरा-बायकोने जायला हरकत नाही, मात्र दोघांचीही इच्छा असेल तरच. ‘ह्यांना मी ओढून नेते’ असे म्हणणाऱ्या माझ्या वहिनी तिसऱ्या दिवशी ह्यांच्यासकट परत आल्या होत्या.

४. आपल्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय जाऊ नका

हा टप्पा लोक सर्वाधिक टाळतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते. निघण्याच्या निदान पंधरा दिवस आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना आहाराचे व उपचारांचे वेळापत्रक दाखवा.

मधुमेह असणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घ्यायचे आणि जेवण मात्र फळांच्या रसावर आणि सूपवर आणायचे, असे केले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, अकारण चिडचिड होणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि नियम मोडला म्हणून संकोच करू नये. साखर मोजण्याचे यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि ग्लुकोजची पुडी खोलीतल्या उशाशी हवीत, स्वागतकक्षात जमा केलेल्या पिशवीत नव्हेत.

रक्तदाब असणाऱ्यांनी वाफेच्या पेटीत बसण्यापूर्वी विचारावे. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी डोके खाली नेणारी आसने करू नयेत, कारण त्यांनी डोळ्यातील दाब वाढतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर तीच काळजी घ्यावी. हर्निया असेल तर कपालभाती टाळावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोरकस मालिश नको. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळ्याचे पाणी आणि रसांचा मारा टाळावा. त्यातले पोटॅशियम त्यांना अपायकारक ठरू शकते. तिथल्या अर्जावर ‘इतर आजार’ असा रकाना असतो. तिथे ‘काही नाही’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, कारण खरे लिहिले तर एखादा उपचार नाकारला जाईल अशी भीती वाटते. तो नाकारला जावा म्हणूनच तर रकाना आहे.

चालू असलेली कोणतीही गोळी तिथे कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. असा सल्ला मिळाला तर आपल्या डॉक्टरांना फोन करा.

विम्याविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. आरोग्य विमा आहे म्हणजे हा खर्च मिळेल असे नाही. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांपैकी तेरावा अपवाद निसर्गोपचार केंद्रे, स्पा आणि तत्सम ठिकाणी घेतलेल्या उपचारांविषयीच आहे. आपल्या पॉलिसीत तो शोधून वाचा.

५. आठवडाभर आधीपासून घरीच सुरुवात करा

माझ्या पहिल्या फेरीतल्या डोकेदुखीचे कारण मला नंतर कळले. मी दिवसाला पाच कप चहा घेत होते आणि तिथे गेल्याबरोबर तो शून्यावर आला. शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, पहिल्या दोन दिवसांत ते शिगेला पोहोचते आणि काही जणांना आठवडाभर त्रास होतो. तीन दिवसांच्या मुक्कामात तेवढे तीनच दिवस हाती असतात. म्हणून आठ दिवस आधीपासून रोज थोडा चहा कमी करत जावे. पाचावरून चार, मग तीन, मग अर्धा-अर्धा कप, आणि निघण्याच्या दिवशी सकाळी शेवटचा छोटा कप.

जेवणाच्या वेळेचेही तसेच आहे. आपल्या शहराला रात्री अकरा वाजता भूक लागते. सराफ्यात भुट्ट्याचा कीस, गराडू आणि त्यावर रबडी खाऊन साडेबाराला घरी येणारा माणूस जर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला मुगाच्या खिचडीसमोर बसवला, तर त्याला रात्री दहाला भुकेने झोप येणार नाही आणि तो पिशवीतली शेव काढेल. शेव मीही नेली होती, म्हणून सांगते. आधीच्या आठवड्यात जेवण रोज अर्धा तास अलीकडे आणावे आणि झोपही त्यासोबत.

चालण्याचा सराव हवा. नेहरू पार्कला किंवा घराजवळच्या बागेत रोज चाळीस मिनिटे, आणि तेही नेणार असलेल्याच बुटांत. कोरे बूट घालून जंगलात गेलात तर दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो आणि पुढचे सगळे दिवस व्हरांड्यात बसून काढावे लागतात.

घरची कामेही याच आठवड्यात आटोपून घ्या. वीज आणि फोनची बिले, गॅस, सोसायटीची वर्गणी, दूधवाला, कामवाल्या ताईंचा पगार हे सगळे आगाऊ देऊन टाका. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरमध्ये जाण्यापूर्वी हयातीचा दाखला बँकेत देऊन टाकावा. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांना मुक्कामाच्या पाचव्या दिवशी त्याची आठवण झाली आणि उरलेले दिवस ते गच्चीवर मोबाइल उंच धरून उभे असत.

६. कागदपत्रे आणि सामान

कागदपत्रे एका प्लास्टिकच्या पाकिटात एकत्र ठेवावीत :

- मूळ ओळखपत्र आणि त्याच्या दोन छायाप्रती. जंगलाचा परवाना ज्या ओळखपत्राच्या क्रमांकावर काढला असेल, तेच मूळ ओळखपत्र प्रवेशद्वारावर दाखवावे लागते. परवाना आधारवर आणि हातात वाहनपरवाना, अशी चूक होते.
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची यादी आणि अलीकडच्या तपासण्यांचे अहवाल.
- आरक्षणाची पावती आणि रक्कम परतीच्या अटी, दोन्ही छापील. डोंगरात नेटवर्क मिळेलच असे नाही.
- घरच्या दोघांचे फोन क्रमांक कागदावर लिहून. आता पाठ असा कोणाचाच नंबर नसतो.
- रोख रक्कम, त्यातही शंभर-पन्नासच्या नोटा. नेटवर्क नसेल तिथे यूपीआयही चालत नाही.

सामान कमी न्या. सैल सुती कपड्यांचे चार जोड पुरतात. तेलाच्या उपचारांसाठी जुने, डाग पडले तरी चालतील असे दोन वेगळे ठेवावेत. जंगलात चालण्यासाठी खाकी, मातकट किंवा फिका हिरवा रंग बरा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब मोजे घ्यावेत, कारण पावसाळ्यानंतरच्या गवतात गोचिडी असतात; फिरून आल्यावर घोटे आणि गुडघ्यांमागची बाजू तपासून पाहावी. विजेरी, पाण्याची बाटली, शिट्टी आणि मुक्कामाहून चार दिवस अधिक पुरतील एवढ्या गोळ्या. खाण्याचे काही नेऊ नका, कारण पचमढीची माकडे खोलीची खिडकी उघडण्यात तरबेज आहेत.

वाचायला एकच पुस्तक न्यावे. मी पहिल्यांदा सहा नेली होती.

७. प्रवास सावकाश करा

इंदूरहून जबलपूरकडे जाणारी रात्रीची गाडी पिपरियाला थांबते, आणि पिपरियापासून पचमढी सुमारे ५० किलोमीटर आहे. म्हणून बहुतेक जण तीच गाडी धरतात. तिच्यातली अडचण अशी की पिपरिया भर मध्यरात्रीनंतर येते. झोपमोड होते, डुलकी लागली तर स्थानक निघून जाते, अंधारात घाट चढावा लागतो, आणि मुक्कामाच्या जागी खोली दुपारपर्यंत मिळत नाही. पहिला दिवस तिथेच संपतो.

दुसऱ्या फेरीत मी सकाळी निघून भोपाळला गेले, तिथे मावशीकडे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून नर्मदापुरमला सेठानी घाटावर तासभर बसून पुढे गेले. संध्याकाळी चारला खोलीत पोहोचले तेव्हा अंग दुखत नव्हते. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी इंदूर ते पचमढी हे पावणेचारशे ते चारशे किलोमीटरचे अंतर एका दमात तोडू नये, आणि घाटाचा भाग उजेडी गाठावा. पिपरियाहून जीप सामायिक मिळते किंवा पूर्ण ठरवता येते. शक्य असेल तर मुक्कामाच्या जागेलाच वाहन पाठवायला सांगावे.

परतीचाही एक दिवस मोकळा ठेवा. त्याविषयी शेवटी लिहिते.

८. तिथले पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी काहीही करू नका. आवार पाहा, डॉक्टरांना भेटा, वजन आणि रक्तदाब लिहून घ्या, लवकर झोपा.

दुसरा दिवस कंटाळ्याचा असतो आणि त्याची कल्पना कोणी देत नाही. सकाळचे आटोपते, अकरा वाजतात, आणि पुढे दुपारपर्यंत हाताला काम नसते. हात आपोआप फोनकडे जातो. याच वेळी बहुतेक जण जीप ठरवून बी फॉल, जटाशंकर, पांडव गुंफा, हांडी खोह असे सगळे ‘उरकून’ येतात आणि मुक्कामाची सहल होते. ती ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, यात वाद नाही. त्यांतली दोन निवडा आणि पाचव्या दिवसानंतर, सकाळच्या वेळी, शक्य असेल तिथे पायी जाऊन पाहा. दुसऱ्या दिवसाच्या कंटाळ्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. एकाच झाडाखाली रोज त्याच वेळी अर्धा तास बसायचे. माझ्या झाडावर चौथ्या दिवशी शेकरू उतरले. महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याची आणि माझी पहिली भेट मध्य प्रदेशात व्हावी याची मला गंमत वाटली. ते आधीपासून तिथेच असावे, माझे लक्ष उशिरा गेले.

फोनसाठी वेळ ठरवा. मी संध्याकाळी सहा ते सव्वासहा घरी बोलत असे आणि एरवी तो बंद करून कपाटात ठेवत असे. घरच्यांना आवाराच्या कार्यालयाचा क्रमांक देऊन ठेवला की जिवाला घोर राहत नाही.

तिसऱ्या दिवशी बहुधा गाढ झोप लागते. तोपर्यंत निर्णय घेऊ नका; ‘मला हे जमत नाही, मी परत जाते’ असे वाटण्याचा हाच काळ असतो. मात्र सततची उलटी, छातीत दुखणे, चक्कर, ताप यांना ‘शरीर शुद्ध होत आहे’ असे म्हणून कोणी टाळू लागले तर ऐकू नका. डॉक्टर बोलवा, गरज पडल्यास पिपरियाला जा.

जेवणात कोदो-कुटकीची खिचडी आली तर नाक मुरडू नका. सातपुड्यातल्या गोंड आणि कोरकू घरांतले हे जुने धान्य आपल्या वरईच्या भाताच्या नात्यातले आहे आणि पोटाला हलके असते. मिठाशिवायचे जेवण दोन दिवस अगदी नकोसे वाटते, पण नंतर दुधीलाही चव असते असे लक्षात येते. अगदीच जाईना तर स्वयंपाकघरातल्या दीदींना लिंबाची फोड मागावी, त्या देतात. तिथे काम करणारी बहुतेक माणसे जवळच्या गावांतली असतात आणि वाट दाखवणारे भैया जंगल आपल्यापेक्षा पिढ्यान्‌पिढ्या अधिक ओळखतात. त्यांच्याशी बोलताना शहरी हुकमाचा सूर नको, आणि त्यांच्या परवानगीशिवाय त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत.

चालायला नेहमी वाटाड्यासोबत जा. सातपुड्यात वाटाड्यासह पायी जंगलसफारी करता येते, ही या जंगलाची खासियत आहे, पण तिचे नियम आहेत. रांगेत चालायचे, पुढच्याला मागे टाकायचे नाही, आणि रानगवा दिसला तर थांबायचे. पळायचे नाही. अत्तर लावू नका. एवढे केले की शीळ कस्तुर पक्ष्याची लांबलचक शीळ ऐकू येण्याची बरीच शक्यता असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोणी माणूसच शीळ घालत आहे असे वाटते आणि मीही मागे वळून पाहिले होते.

९. परत आल्यावर

घरी पोहोचल्यावर मध्ये एक दिवस सोडून मगच कामावर जा. तो मधला दिवस कोणालाही देऊ नका. शेजारचे ‘कसे होते’ विचारायला येतील आणि येताना कचोरी आणतील.

साध्या आहारावरून एकदम तळणावर आलात तर पोट बिघडते. पहिले दोन दिवस मऊ भात, वरण, भाजी; तिसऱ्या दिवशी पोहे चालतील, जलेबी त्यानंतर. चहा पुन्हा सुरू करायचा असेल तर सकाळी एक कप, आणि तो दोनवर गेला की वहीत लिहून ठेवा. मी सध्या दोनवर आहे.

आठ दिवसांच्या आत आपल्या डॉक्टरांना पुन्हा भेटा. तिथे लिहून घेतलेले वजन, रक्तदाब आणि साखरेचे आकडे सोबत न्या, कारण वजन उतरले असेल किंवा साखर सुधारली असेल तर गोळीची मात्रा बदलावी लागू शकते. ती वेळ निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावी. परत आल्यावर घ्यायची म्हटले की महिना जातो.